ऑब्जेक्टचा परकायाप्रवेश

रेल्वेचे आरक्षण करताना, बँकेच्या संकेतस्थळावर शिल्लक पाहताना किंवा ऑनलाइन दुकानात चार वस्तू निवडून ठेवताना पडद्यामागे माहितीचा अखंड प्रवास सुरू असतो. हा प्रवास एका संगणकाकडून दुसऱ्या संगणकाकडे असतो आणि पुष्कळदा आजच्या दिवसाकडून उद्याच्या दिवसाकडेही असतो. प्रोग्रॅम चालू असेपर्यंत संगणकाच्या स्मृतीत जी माहिती जिवंत असते, ती प्रोग्रॅम थांबताच नाहीशी होते. तिला टिकवायचे किंवा दूर पाठवायचे असेल, तर बाइट्सच्या एका सरळ साखळीत गुंफावे लागते. या गुंफण्याला संगणकशास्त्रात 'सिरिअलायझेशन' म्हणतात आणि त्या साखळीतून मूळ रूप पुन्हा उभे करण्याला 'डीसिरिअलायझेशन'.

उन्हाळ्यात घातलेल्या वाळवणाशी या क्रियेचे साम्य आहे. पाण्याचा अंश काढून टाकायचा, डबे भरून ठेवायचे आणि हवे तेव्हा पुन्हा रूपाला आणायचे. 'पायथन' या भाषेत तर या सोयीचे नावच 'पिकल', म्हणजे लोणचे, असे आहे! मात्र वाळवणाचा डबा उघडताना घरची गृहिणी जे पाहते, ते संगणक पाहतो का? डब्यात ठेवलेलेच बाहेर आले की मध्ये कोणी त्यात काही मिसळले? हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु त्याच्या चुकीच्या उत्तराची किंमत गेल्या काही वर्षांत जगभरातील संगणकप्रणालींना मोजावी लागली आहे. या प्रश्नाचे मूळ एका छोट्याशा रचनेत दडलेले आहे. तिचे नाव 'कन्स्ट्रक्टर'.

जन्म आणि तपासणी

आजचे बहुतेक मोठे सॉफ्टवेअर 'ऑब्जेक्ट' या कल्पनेवर उभे आहे. 'क्लास' म्हणजे साचा आणि 'ऑब्जेक्ट' म्हणजे त्या साच्यातून काढलेली मूर्ती. बँकेचे उदाहरण घेऊ. 'मुदत ठेव' नावाचा एक क्लास आहे. त्यातून घडणाऱ्या प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये ठेवीदाराचे नाव, मुद्दल, व्याजदर, ठेव सुरू झाल्याची तारीख आणि मुदतपूर्तीची तारीख असते. त्याचबरोबर काही नियम असतात. मुद्दल शून्यापेक्षा अधिक हवी. मुदतपूर्तीची तारीख सुरुवातीच्या तारखेनंतरचीच हवी.

हे नियम पाळले जातात की नाही, हे पाहण्याची स्वाभाविक जागा म्हणजे कन्स्ट्रक्टर. ऑब्जेक्ट जन्माला येताना चालणारा हा आज्ञांचा संच. त्याच्या हाती आवश्यक माहिती द्यावी लागते. ती नियमांत बसत नसेल, तर तो ऑब्जेक्ट घडूच देत नाही. यामुळे प्रोग्रॅमरला एक मोठे आश्वासन मिळते. लाखो ओळींच्या प्रोग्रॅममध्ये कुठेही 'मुदत ठेव' हे ऑब्जेक्ट भेटले, तर ते वैध आहे हे गृहीत धरता येते. व्याज मोजणाऱ्याने पुन्हा तारखा तपासायला नकोत, पावती छापणाऱ्याने पुन्हा मुद्दल पाहायला नको. दारावर पहारेकरी चोख असला, की घरातल्यांना निर्धास्त राहता येते.

परंतु कन्स्ट्रक्टर तपासणीखेरीज आणखीही कामे करतो. नवी ठेव उघडली, की तिला नवा पावती क्रमांक देणे, ठेवीदाराला संदेश पाठवणे, एकूण ठेवींच्या संख्येत एकाची भर घालणे, ही जन्माच्या वेळची कामेही अनेकदा त्याच्याकडेच सोपवलेली असतात. एकाच रचनेकडे जन्म आणि तपासणी अशा दोन जबाबदाऱ्या आल्या. सिरिअलायझेशनचा सारा गुंता या दुहेरी भूमिकेतून निर्माण झाला आहे.

कारण तीन वर्षांपूर्वीची ठेव फाइलमधून पुन्हा स्मृतीत आणताना तिला नवा पावती क्रमांक देऊन चालणार नाही. ती नव्याने जन्मत नाही, परतते आहे. म्हणजे जन्माचे सोपस्कार पुन्हा नकोत. तपासणी मात्र पुन्हा हवी. निरनिराळ्या फ्रेमवर्कच्या रचनाकारांनी या पेचातून निरनिराळ्या वाटा काढल्या. त्यातील कोणतीच वाट फुकटची नव्हती.

जावाची मागच्या दाराची वाट

फेब्रुवारी १९९७ मध्ये आलेल्या 'जावा'च्या १.१ या आवृत्तीत सिरिअलायझेशनची सोय भाषेतच देण्यात आली. ती कमालीची सुटसुटीत होती. क्लासवर 'सिरिअलायझेबल' अशी खूण करायची, बस्स! त्यासाठी एकही आज्ञा लिहावी लागत नसे. ऑब्जेक्ट, त्याला जोडलेली इतर ऑब्जेक्ट्स, त्यांना जोडलेली आणखी ऑब्जेक्ट्स असे सारे जाळे जावा आपणहून साखळीत गुंफते आणि आपणहून उलगडते.

उलगडताना जावा जे करते, ते अनेक अनुभवी प्रोग्रॅमरनाही चटकन लक्षात येत नाही. ज्या क्लासवर खूण आहे, त्याचा कन्स्ट्रक्टर चालवलाच जात नाही. स्मृतीत ऑब्जेक्टपुरती जागा घेतली जाते आणि साखळीतील मूल्ये थेट तिच्यात भरली जातात. आद्य शंकराचार्यांनी अमरू राजाच्या निष्प्राण देहात प्रवेश केल्याची आख्यायिका आपल्याला परिचित आहे. येथेही आधी रिकामा देह उभा राहतो आणि मग त्यात जुने चैतन्य शिरते. रूढ अर्थाने जन्म होतच नाही.

याचे परिणाम कधी साधे, कधी बुचकळ्यात टाकणारे असतात. साखळीत जाऊ नये म्हणून 'ट्रान्झियंट' अशी खूण केलेले घटक, उदाहरणार्थ एखादा पासवर्ड किंवा तात्पुरते मोजून ठेवलेले व्याज, परतताना रिकामे किंवा शून्य होऊन येतात. क्लासमध्ये त्यांना आरंभीचे मूल्य दिलेले असले तरी उपयोग नाही. कारण ते मूल्य भरण्याचे काम कन्स्ट्रक्टरच्याच वेळी व्हायचे असते. संपूर्ण प्रोग्रॅममध्ये ज्याची एकच प्रत असावी असा दंडक आहे, त्या ऑब्जेक्टची या वाटेने दुसरी प्रत तयार होऊ शकते. ते टाळण्यासाठी 'रीडरिझॉल्व्ह' नावाची वेगळी तजवीज करावी लागते.

वारसा आला, की गुंता वाढतो. आपली 'मुदत ठेव' ही 'खाते' या अधिक व्यापक क्लासची वारस आहे, असे समजू. 'मुदत ठेव'वर खूण केली आहे, 'खाते'वर नाही. अशा वेळी जावा खूण नसलेल्या जवळच्या पूर्वजाचा, म्हणजे 'खाते'चा, कन्स्ट्रक्टर चालवते; पण तोही कोणतीच माहिती न मागणारा असावा लागतो. 'खाते'चे घटक साखळीत गेलेलेच नसल्याने ते आरंभीच्या, बहुधा रिकाम्या, अवस्थेत येतात. ठेव परत आली, पण तिचा खातेक्रमांक हरवला! आणि 'खाते'ला असा बिनमाहितीचा कन्स्ट्रक्टर नसेल तर? तर ऑब्जेक्ट लिहिताना कोणतीही तक्रार होत नाही; फाइल व्यवस्थित तयार होते. चूक समोर येते ती वाचताना, 'वैध कन्स्ट्रक्टर नाही' अशा अर्थाच्या संदेशाने. डबा भरताना कोणी बोलले नाही, उघडताना मात्र तो उघडेना, अशी ही गत. लिहिणे आणि वाचणे यांत सहा महिन्यांचे अंतर असेल, तर या उशिराची किंमत काय, हे वेगळे सांगायला नको.

रिकाम्या कन्स्ट्रक्टरची अट

दुसरी वाट याच्या उलट होती. फ्रेमवर्कने प्रोग्रॅमरला सांगितले, 'मला काहीही माहिती न मागणारा एक कन्स्ट्रक्टर द्या. मी त्याने रिकामे ऑब्जेक्ट घडवीन आणि मग एकेक घटक भरीन.' मायक्रोसॉफ्टच्या 'डॉट नेट'मधील 'एक्सएमएल सिरिअलायझर' हा २००२ च्या पहिल्या आवृत्तीपासून याच अटीवर काम करतो. जावामध्येही 'जावाबीन्स'चा संकेत हाच. माहितीकोशातील नोंदींची ऑब्जेक्ट्स बनवणारे 'हायबरनेट' आणि २००६ मध्ये आलेले 'जेपीए' हे मानक काटेकोरपणे सिरिअलायझेशनचे नव्हेत. पण तेथेही प्रश्न तोच आणि उत्तरही तेच आहे. 'जेपीए'नुसार प्रत्येक नोंदीच्या क्लासला बिनमाहितीचा कन्स्ट्रक्टर हवा.

या अटीत एक जुना सापळा आहे. जावा किंवा 'सी शार्प'मध्ये क्लासला एकही कन्स्ट्रक्टर लिहिला नाही, तर कम्पायलर आपणहून एक रिकामा कन्स्ट्रक्टर पुरवतो. मात्र प्रोग्रॅमरने माहिती मागणारा एक जरी कन्स्ट्रक्टर लिहिला, तर हा फुकटचा कन्स्ट्रक्टर मिळेनासा होतो. समजा, 'मुदत ठेव' हा क्लास वर्षभर सुरळीत चालला आहे. एके दिवशी कोणी चांगल्या हेतूने त्यात तपासणी करणारा कन्स्ट्रक्टर घातला. कम्पायलर काही बोलत नाही, प्रोग्रॅम बांधला जातो आणि चालू केल्यावर कुठल्या तरी कोपऱ्यातून संदेश येतो, की या क्लासला रिकामा कन्स्ट्रक्टर नाही, सबब सिरिअलायझेशन शक्य नाही. शिस्त वाढवली म्हणून शिक्षा झाली, असेच त्या प्रोग्रॅमरला वाटणार!

मग घाईघाईने रिकामा कन्स्ट्रक्टर जोडला जातो आणि खरे नुकसान येथे होते. आता मुद्दल नाही, तारीख नाही, ठेवीदार नाही अशी 'मुदत ठेव' निर्माण होऊ शकते. शिवाय फ्रेमवर्कला घटक नंतर भरता यावेत म्हणून ते बदलण्याची मुभा द्यावी लागते. जी फ्रेमवर्कसाठी ठेवली, ती इतरांनाही मिळते. जन्मानंतर कधीही न बदलणारी, म्हणून विश्वासार्ह, ऑब्जेक्ट्स घडवण्याची उत्तम सवय या अटीपुढे नमते. रिकामा कन्स्ट्रक्टर 'प्रायव्हेट' किंवा 'प्रोटेक्टेड' ठेवण्याची सवलत काही फ्रेमवर्क देतात. तिने ही हानी कमी होते, नाहीशी होत नाही.

दोन्ही वाटा एकाच घरात असण्याचे उदाहरणही आहे. २००६ मधील डॉट नेट ३.० बरोबर 'डेटाकॉन्ट्रॅक्ट सिरिअलायझर' आला. क्लासवर 'डेटाकॉन्ट्रॅक्ट' अशी खूण असेल, तर तो कन्स्ट्रक्टर टाळून ऑब्जेक्ट घडवतो. पुढे खूण नसलेले साधे क्लासही त्याला चालू लागले; पण त्यांना रिकामा कन्स्ट्रक्टर असावा लागतो आणि तो चालवलाही जातो. क्लासच्या डोक्यावरची एक खूण काढली, की परतीची रीतच बदलते. हे ठाऊक नसलेल्याला आरंभीची मूल्ये कधी मिळतात आणि कधी मिळत नाहीत, याचे कोडे सुटत नाही.

पहारेकरी नसलेल्या दाराने

येथवर सांगितलेल्या अडचणी गैरसोयीच्या आहेत. धोक्याची गोष्ट पुढेच आहे. बाइट्सची साखळी आपल्याच प्रोग्रॅमने लिहिली, असे आपण गृहीत धरतो. परंतु ती फाइलमधून येते, महाजालावरून येते. वाटेत कोणीही तिच्यात फेरफार करू शकतो किंवा पूर्णपणे बनावट साखळी तयार करू शकतो. कन्स्ट्रक्टर चालणार नसेल, तर मुदतपूर्ती सुरुवातीच्या आधी असलेली ठेव बिनदिक्कत आत येते. आतल्या कोणीही पुन्हा तपासणी करत नाही, कारण पहारेकऱ्यावर सर्वांचा विश्वास आहे.

याहून गंभीर बाब अशी, की कोणत्या क्लासची ऑब्जेक्ट्स घडवायची हेही ती साखळीच सांगते. जावामध्ये परतणाऱ्या क्लासला 'रीडऑब्जेक्ट' नावाच्या आज्ञासंचातून स्वतःची काही कामे करण्याची मुभा असते. प्रोग्रॅमला हवी होती 'मुदत ठेव'. साखळीत आले भलतेच काही. जे आले ते 'मुदत ठेव' नाही, हे प्रोग्रॅमच्या लक्षात येते खरे, पण ऑब्जेक्ट पूर्ण घडून हाती आल्यानंतर. तोवर त्याच्या आज्ञा चालून गेलेल्या असतात.

जानेवारी २०१५ मध्ये ख्रिस फ्रोहॉफ आणि गॅब्रिएल लॉरेन्स या संशोधकांनी कॅलिफोर्नियातील एका सुरक्षा परिषदेत याचे प्रात्यक्षिक दाखवले. 'अपाची कॉमन्स कलेक्शन्स' या सर्रास वापरल्या जाणाऱ्या संचातील निरुपद्रवी क्लास विशिष्ट क्रमाने गुंफले, तर केवळ साखळी उलगडल्याने समोरच्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवता येते, असे त्यांनी सिद्ध केले. एकेका क्लासमध्ये दोष नव्हता. दोष होता तो त्यांना या रीतीने एकत्र येऊ देण्यात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'वेबलॉजिक', 'वेबस्फिअर', 'जेबॉस' आणि 'जेन्किन्स' अशा नामांकित प्रणालींवर हीच युक्ती चालते, हे उघड झाले आणि उद्योगजगतात खळबळ उडाली.

नोव्हेंबर २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 'म्युनी' या शहर वाहतूक सेवेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. तिकीट यंत्रे बंद ठेवावी लागली आणि प्रवाशांना फुकट प्रवास करू द्यावा लागला. जावा क्षेत्रातील अधिकारी लेखक जोशुआ ब्लॉक यांनी 'इफेक्टिव्ह जावा' या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत सिरिअलायझेशनच्या धोक्यांची चर्चा करताना या घटनेचा दाखला दिला आहे. 'रीडऑब्जेक्ट' हा प्रत्यक्षात सर्वांसाठी खुला असलेला आणखी एक कन्स्ट्रक्टरच आहे, असे समजून तो लिहावा, हा त्यांचा सल्ला प्रत्येक प्रोग्रॅमरने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

हा प्रश्न एकट्या जावाचा नाही. पायथनचे 'पिकल' ऑब्जेक्ट परत आणताना 'इनिट' हा आरंभाचा आज्ञासंच एरवी चालवत नाही. उलट, पिकलच्या साखळीतून कोणतीही आज्ञा चालवता येते. ज्यावर विश्वास नाही ते लोणचे उघडू नका, अशा अर्थाची सूचना पायथनच्या अधिकृत माहितीपत्रातच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची अनेक प्रारूपे याच रूपात वाटली जात असल्याने ही सूचना आता अधिकच मोलाची झाली आहे. 'पायटॉर्च' या लोकप्रिय संचाने जानेवारी २०२५ मधील २.६ या आवृत्तीपासून प्रारूप उघडताना केवळ आकडेवारी वाचण्याची रीत मूळ निवड म्हणून स्वीकारली, ती याच कारणासाठी.

पुन्हा पुढच्या दाराने

या अनुभवांनंतर रचनाकारांचे मत बदलले. जावाचे प्रमुख रचनाकार मार्क रेनहोल्ड यांनी २०१८ मध्ये, १९९७ साली सिरिअलायझेशन या रूपात आणणे ही चूकच होती, असे जाहीरपणे सांगितले. तत्पूर्वी २०१७ च्या जावा ९ मध्ये कोणत्या क्लासला आत येऊ द्यायचे याची चाळणी लावण्याची सोय झाली होती. मायक्रोसॉफ्टने तर 'बायनरी फॉर्मॅटर' ही आपली जुनी सोय नोव्हेंबर २०२४ मधील डॉट नेट ९ मधून काढूनच टाकली.

परंतु दार बंद करण्यापेक्षा महत्त्वाचा बदल वेगळा आहे. नवी साधने कन्स्ट्रक्टरला टाळत नाहीत आणि त्याने रिकामे असावे असेही म्हणत नाहीत. मार्च २०२१ च्या जावा १६ मध्ये 'रेकॉर्ड' हा क्लासचा नवा प्रकार कायम झाला. रेकॉर्ड साखळीतून परतताना आधी मूल्ये वाचली जातात आणि मग ती त्याच्या मुख्य कन्स्ट्रक्टरच्या हाती दिली जातात. म्हणजे 'मुदत ठेव' हा रेकॉर्ड असेल, तर बनावट तारखा दारातच अडतील. डॉट नेटमधील 'सिस्टम टेक्स्ट जेसन' २०१९ मध्ये आला तेव्हा त्यालाही रिकामा कन्स्ट्रक्टर लागत असे. २०२० च्या डॉट नेट ५ पासून तो माहिती मागणारा कन्स्ट्रक्टरही वापरू लागला. जावातील 'जॅक्सन' या संचात कोणता कन्स्ट्रक्टर वापरायचा, हे 'जेसन क्रिएटर' या खुणेने सांगता येते.

मग पावती क्रमांकाचे काय? नव्या वाटेने परतणाऱ्या ठेवीलाही नवा क्रमांक मिळेल, ही भीती उरतेच. तिचे उत्तर भाषेकडे नाही, प्रोग्रॅमरकडे आहे. कन्स्ट्रक्टरने तपासणी आणि साठवण एवढेच करावे. नवा क्रमांक देणे, संदेश पाठवणे ही कामे 'ठेव उघडा' अशा स्वतंत्र आज्ञासंचाकडे द्यावीत. ठेव नवी असो वा परतलेली, ती तपासणीच्या दारातून जाईल. जन्माचे सोपस्कार मात्र फक्त नव्या ठेवीचे होतील.

जुन्या प्रणाली एका दिवसात बदलत नाहीत. तेथे निदान काही पथ्ये पाळता येतात. बाहेरून आलेली साखळी थेट व्यवहाराच्या ऑब्जेक्टमध्ये उलगडू नये. आधी साध्या, नियमरहित मधल्या ऑब्जेक्टमध्ये घ्यावी आणि तेथून खऱ्या कन्स्ट्रक्टरमार्फत आत आणावी. फ्रेमवर्कसाठी रिकामा कन्स्ट्रक्टर ठेवावाच लागला, तर तो त्या मधल्या ऑब्जेक्टलाच ठेवावा. कोणत्या क्लासना प्रवेश द्यायचा याची यादी आपण ठरवावी. ती साखळीने ठरवू नये. आणि लिहिलेले परत वाचता येते की नाही, याची चाचणी त्याच दिवशी घ्यावी. कारण डबा उघडत नाही हे पावसाळ्यात कळून उपयोग नसतो.

एका छोट्याशा कन्स्ट्रक्टरची ही कथा सोय आणि सावधगिरी यांच्या जुन्याच झगड्याची आहे. १९९७ मध्ये एका खुणेत मिळालेल्या सोयीचे हप्ते उद्योगजगताने पुढील दोन दशकांहून अधिक काळ फेडले. आपली ठेव, आपले आरक्षण, आपली ओळख ज्या ऑब्जेक्ट्सच्या रूपाने रोज असंख्य संगणकांत मावळते आणि पुन्हा उगवते, त्या प्रत्येक उगवण्याच्या वेळी दारावर कोणी उभे आहे का, हे विचारणे प्रोग्रॅमरचे कर्तव्य आहे. त्या कर्तव्यावर आपल्यासारख्या सामान्य ग्राहकांचा पैसा अवलंबून आहे.